‘म्हणे’ गाळला की काय होतं

रात्री साडेआठला आत्याचा फोन येतो. तिकडे निफाड तालुक्यात तिची जेवणं आटोपलेली असतात, इकडे नाशकात माझी भाजी अजून कढईत असते. मोबाइल स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवायचा आणि ऐकत राहायचं. परवाचा मासला असा: ‘तलाठी बदलला म्हणे. नवीन बाई आलीय. बरी असावी. सदाच्या पोराने द्राक्षबाग तोडली, मका करायचं डोक्यात आहे बहुतेक. मला आपलं वाटतं, त्याने घाई केली. तुझं काय मत?’

द्राक्षबागेतलं मला काही कळत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. तरी ती विचारते आणि मीही काहीतरी सांगते. त्यावर ती ‘छे, तसं नसतं गं’ म्हणते आणि आम्ही दोघी पुढच्या विषयाकडे वळतो.

आता तिची ती वाक्यं पुन्हा वाचा. तलाठ्याचं तिने ऐकलंय, म्हणून ‘म्हणे’. मक्याचा तिचा अंदाज आहे, म्हणून ‘बहुतेक’. घाई केली हे तिचं मत आहे, म्हणून ‘मला आपलं वाटतं’. बाग तोडलेली मात्र तिने शेताच्या बांधावरून डोळ्यांनी पाहिलीय, म्हणून त्या वाक्याला यातली एकही खूण नाही. सातवी शिकलेली माझी आत्या एका दमात चार प्रकारची माहिती देते आणि कोणत्या गोष्टीवर किती विसंबायचं हेही त्याच दमात सांगते. कुणी शिकवलं नाही तिला हे, भाषेनेच शिकवलं. मराठीत यासाठी शब्दांची कमतरता कधीच नव्हती. सांगोवांगी, ऐकीव, उडत उडत कानावर आलं, कुणी कंडी पिकवली, वावडी उठली, हे सगळे शब्द ऐकणाऱ्याला सावध करणारे आहेत. हिशेबाच्या कागदाखाली ‘चू. भू. द्या. घ्या.’ लिहायची आपली जुनी रीत. मराठी माणसं इंटरनेटवर लिहायला लागली तेव्हा हीच चार अक्षरं सोबत घेऊन आली. लांबलचक मत मांडायचं आणि शेवटी ‘चूभूद्याघ्या’ लिहून मोकळं व्हायचं. मला ती सवय फार आवडायची. हल्ली ती क्वचित दिसते.

जो तो कुठल्याही विषयावर मत देत सुटलाय, अशी तक्रार आजकाल सगळीकडे ऐकू येते. क्रिकेटवर देतो, रुपयाच्या दरावर देतो, शेजारच्या देशाने काय करावं यावरही देतो. मला या तक्रारीत दम वाटत नाही. माणसं पूर्वीही अशीच बोलत होती आणि त्यात काही बिघडत नव्हतं. बिघडतं ते ऐकीव गोष्टीतला ‘म्हणे’ गाळून ती खबर म्हणून पुढे ढकलली की. आणि आपण करतो नेमकं उलटं. साधं मत मांडणाऱ्याची मानगूट धरतो. ‘म्हणे’ गाळणाऱ्याला मात्र कुणी दारात उभं राहून विचारत नाही.

माझ्या माहेरच्या भागातलंच उदाहरण घेते. 8 डिसेंबर 2023 ला केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, मुदत 31 मार्च 2024 पर्यंत. फेब्रुवारीत बंदी उठणार अशी कुजबुज सुरू झाली आणि एका शनिवार-रविवारात त्या ‘उठणार म्हणे’चं ‘उठली’ झालं. लासलगावला 17 फेब्रुवारीला क्विंटलला सर्वसाधारण भाव 1,280 रुपये होता, 19 तारखेला तो 1,800 झाला. लगेच दिल्लीहून खुलासा आला की बंदी कायम आहे. खरी उठली ती 4 मे रोजी. ज्याने 19 तारखेला माल विकला त्याला चार पैसे मिळाले. माझ्या चुलतभावाने भाव अजून चढेल म्हणून भरलेली ट्रॉली अंगणातच थांबवली. लाल कांदा घरात ठेवून टिकत नाही, हे कांदा पिकवणाऱ्याला सांगायला लागत नाही. तरी त्याने थांबवली, कारण मोबाइलवर आलेल्या एकाही मेसेजात ‘म्हणे’ नव्हता.

त्या दिवसांत पारावर बसून लोक सरकारबद्दल काय काय बोलले असतील त्याची गणतीच नको. सगळीच मतं होती, काही फार कडवट होती. त्यांतल्या एकाही मतामुळे कुणाचा कांदा सडला नाही.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदी होती, सगळे घाबरलेले. आत्या फोनवर म्हणाली, ‘खालच्या आळीत मुंबईहून पोरगा आलाय, त्याला लागण झाली म्हणे.’ फोन ठेवला आणि काळजीपोटी मी गावाच्या ग्रुपवर लिहिलं: ‘खालच्या आळीत रुग्ण सापडला आहे. सर्वांनी काळजी घ्यावी.’ वाक्य बघा किती नीटनेटकं आहे, एखाद्या सरकारी सूचनेसारखं. ‘झाली म्हणे’चं ‘सापडला आहे’ मी केलं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे माझ्या लिहिण्यावर कुणी शंका घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर त्या घरचं दूध घेतलं गेलं नाही. दोन गाई, दोन्ही वेळचं मिळून अठरा-वीस लिटर दूध. फॅट लावायच्या मशीनपाशीही त्या माणसाला येऊ दिलं नाही. नऊ दिवस त्यांनी ते दूध वासरांना पाजलं आणि उरलेलं गटारात ओतलं. मुलाला साधा सर्दी-खोकला होता, तपासणीचा अहवाल निगेटिव्ह आला. तो अहवाल ग्रुपवर कुणी टाकला नाही. तेव्हा मीही टाकला नाही, लाज वाटली म्हणून. दिवाळीनंतर त्यांच्या घरी गेले. काकूंनी चहा केला, त्याच गाईच्या दुधाचा. मी माफी मागितली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘बाई, तुम्ही लिहिलंत म्हणून लोकांनी खरं मानलं.’

त्याआधी दोनच वर्षांपूर्वी, 1 जुलै 2018 ला, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला काय झालं ते महाराष्ट्राला माहीत आहे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होते. आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना लोकांनी पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. पिढ्यानपिढ्या गावोगाव फिरून पोट भरणारी ती माणसं होती. ते मेसेज पुढे पाठवणाऱ्यांत कुणी मत मांडत नव्हतं. प्रत्येक जण सावध करत होता, अगदी माझ्यासारखा. टोळी आल्याचं आपण फक्त ऐकलंय, एवढी कबुली त्या मेसेजांत असती तर निदान काही जणांनी तरी हात उचलण्याआधी एकदा विचारलं असतं, असं मला अजूनही वाटतं.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने ढकललेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण लावायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती खूण म्हणजे यंत्राने लावलेला ‘म्हणे’च. पण मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की ती खूण गळून पडते, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. यंत्राचा ‘म्हणे’ काढून टाकणं सोपं असतं. बोलणाऱ्याच्या तोंडात तो बसलेला असेल तर सहजासहजी जात नाही.

दुसऱ्या बाजूला मत मांडणाऱ्यांचं काय होतं ते बघू. नोव्हेंबर 2012 मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं की असा बंद कशासाठी पाळायचा. तिच्या मैत्रिणीने त्यावर लाइकचं बटण दाबलं. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. एकीने चार ओळी लिहिल्या, दुसरीने अंगठा उमटवला, एवढाच गुन्हा. घरी जेवताना हेच वाक्य कुणी बोललं असतं तर ‘हो, गैरसोय होते खरी’ किंवा ‘असं बोलू नये गं, मोठा माणूस होता’ यापलीकडे काही झालं नसतं. पुढे ते प्रकरण मागे घेतलं गेलं, पण त्यातूनच आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी शिक्षा सांगणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66अ ला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळालं. श्रेया सिंघल खटल्यात 24 मार्च 2015 ला न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि चिथावणी देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पहिल्या दोन कितीही नावडत्या असल्या तरी कायद्याचा हात फक्त तिसरीपर्यंत पोहोचावा, असं त्या निकालात स्वच्छ म्हटलं आहे. त्यानंतरही ठिकठिकाणचे पोलीस रद्द झालेल्या या कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले. ते थांबवा, असं न्यायालयाला ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा बजावावं लागलं.

कोल्हापुरात एका प्राध्यापकाने व्हॉट्सॲप स्टेटसवर दोन वाक्यं ठेवली. कलम 370 हटवल्याचा 5 ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस आहे आणि 14 ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा. हातकणंगले पोलिसांनी गुन्हा नोंदवला. मला ती वाक्यं पटतात का, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याशी आपण जसं बोलतो तसं ते होतं. मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अभय ओक आपल्या ठाण्याचे. त्या निकालात जी कसोटी लावली ती मूळची नागपूरची आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी सांगून ठेवलं होतं की शब्दांचा परिणाम मोजताना खंबीर, धीट, विवेकी माणूस डोळ्यांपुढे ठेवायचा. ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोका दिसतो अशा डळमळीत मनाच्या माणसाचं माप लावायचं नाही. पोलिसांना अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय ते शिकवायची वेळ आली आहे, असंही 2024 च्या त्या निकालात लिहिलेलं आहे.

ती वेळ गेली नाही, हे पुढच्याच वर्षी दिसलं. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरवर टीका करणारी कुणाचीतरी पोस्ट पुण्यातल्या एका एकोणीस वर्षांच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने आपल्या पानावर पुन्हा टाकली. दोन तासांत काढून टाकली आणि माफीही मागितली. तरी कॉलेजने काढून टाकलं, पोलिसांनी अटक केली, परीक्षा तोंडावर असताना ती येरवड्याच्या तुरुंगात. 27 मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला सोडायचा आदेश दिला तेव्हा सरकार आणि कॉलेज दोघांनाही चांगलंच सुनावलं. देशभर वातावरण तापलेलं होतं हे मला मान्य आहे. पण दोन तासांत मत मागे घेणारी मुलगी म्हणजे आत्याच्या ‘छे, तसं नसतं गं’नंतर गप्प झालेली मी. आम्हा दोघींत फरक एवढाच की माझ्या बोलण्याचा स्क्रीनशॉट कुणी काढून ठेवला नव्हता.

स्क्रीनशॉटचं हे फार गंभीर आहे. गप्पा चालतात त्या विसरण्याच्या जोरावर. आज एक बोललेला माणूस महिन्याने दुसरं बोलतो आणि त्याला कुणी जाब विचारत नाही, म्हणूनच तो मोकळेपणी बोलतो आणि बोलता बोलता शहाणाही होतो. कट्ट्यावर ज्याने पाच वर्षांपूर्वी हेल्मेटसक्तीला शिव्या घातल्या, तोच भाच्याच्या अपघातानंतर हेल्मेट घालून आला तर आपण त्याच्या पाठीवर हात ठेवतो. तेच मत लिहून ठेवलेलं असलं की जुनं पान उकरून ‘तेव्हा तर तू असं म्हणत होतास’ म्हणत दहा जण तुटून पडतात. मत बदलण्याची शिक्षा अशी मिळायला लागली की माणसं आपल्या चुकीच्या मतालाही चिकटून बसतात. माझ्या शाळेच्या शिक्षकखोलीत हे मी रोज पाहते. समोरासमोर ज्यावर हसत वाद होतो, त्याच विषयावर ग्रुपवर कुणी चकार शब्द लिहीत नाही. सुप्रभात आणि वाढदिवसाचे केक एवढंच काय ते उरलं आहे.

‘ज्यातलं कळत नाही त्यावर बोलू नये’, असं सांगणारी बरीच शहाणी माणसं माझ्या ओळखीची आहेत. मला त्यांना 1848 सालाची आठवण करून द्यावीशी वाटते. मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या टोपणनावाने पत्रं यायला लागली. विषय तरी किती! विधवांची स्थिती, बालविवाह, विद्या, व्यापार, इंग्रजांचं राज्य, भटभिक्षुक. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचविशीतले सरकारी नोकर होते. ते व्यापारी नव्हते, कुठल्या विषयाचे पंडितही नव्हते. काही मतं कच्ची होती, काही पुढे कालबाह्य ठरली. पण महाराष्ट्राने स्वतःकडे नव्याने बघायला सुरुवात केली त्यात त्या शंभरावर पत्रांचा वाटा मोठा आहे. ज्याला पूर्ण कळतं त्यानेच बोलायचं ठरलं असतं तर विधवांच्या केशवपनावर फक्त शास्त्री बोलत राहिले असते. एसटीची फेरी बंद केल्यावर महामंडळाचा ताळेबंद वाचता न येणारी बाईच तिच्याबद्दल बोलणार, कारण ऊन डोक्यावर घेऊन चालायचं तिला असतं.

एका ठिकाणी मात्र मी थांबते. ‘इन्सुलिन सोडा, रोज सकाळी अमुक पाल्याचा रस घ्या’ हे मत नाही. कुणाच्या तरी मधुमेही आईच्या हातात जाणारा तो सल्ला आहे आणि त्याला ‘मला आपलं वाटतं’ची ढाल मिळू नये. तसंच एखाद्या जातीला, धर्माला धरून ‘यांना हाणा’ म्हणणाऱ्यालाही नाही. तिथे कायदा हवाच.

आणि पाराच्या आठवणीने कुणी फार हळवं होऊ नये, अशीही माझी विनंती आहे. पारावर बसायचं कोण? माझी आत्या तिथे कधीच बसली नाही. तिचं मत चुलीपुढे किंवा विहिरीवर, तेही आवाज खाली ठेवून. गावकुसाबाहेरच्या माणसाला तर पाराच्या सावलीतही जागा नव्हती. आज तीच आत्या गावाच्या ग्रुपवर आवाजी मेसेज टाकते, नळाला तीन दिवसांनी पाणी का येतं म्हणून सरपंचाला विचारते. ‘बायकांनी यात पडू नये’ असं एकाने लिहिलं तेव्हा तिने त्याच्या आईचं नाव घेऊन, ती हांडे घेऊन कुठवर जाते ते सगळ्यांना सांगितलं. एवढ्या माणसांना इतक्या उशिरा बोलायला जागा मिळालीय. आता ‘बोलण्याआधी पात्रता दाखवा’ म्हणणं अन्यायाचं आहे, असं मी मनापासून मानते.

करण्यासारखं काय आहे? मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती ओकांच्याच लेखणीतून, एका कवितेवरून नोंदवलेला गुन्हा रद्द करताना वाट दाखवून ठेवली आहे. तीन वर्षं किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत थेट एफआयआर न नोंदवता वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(3) मध्ये आहे आणि बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत ती वापरावी. महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात हे कलम ठाणे अंमलदाराच्या टेबलावर लावलेलं असायला हवं. कॉलेजांनी पोलिसांच्या आधी शिक्षा द्यायची घाई सोडली पाहिजे. एकोणीस वर्षांच्या मुलीला समोर बसवून ‘हे तुला का वाटलं’ असं विचारणारा एक तरी प्राध्यापक असायला हवा, नाहीतर कॉलेज कशाला म्हणायचं? आणि ग्रुपवर चुकीची खबर ज्याने टाकली त्यानेच, त्याच ग्रुपवर, तेवढ्याच ठळकपणे दुरुस्ती टाकायची, हा नियम तर आपला आपण उद्यापासून लावू शकतो. तो निगेटिव्ह अहवाल मी चार महिने उशिरा का होईना, ग्रुपवर टाकला. वीस-बावीस जणांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. काहींनी त्या घरी फोन केला.

गेल्या हिवाळ्यात त्याच ग्रुपवर कालव्याच्या कडेला उभ्या बिबट्याचा फोटो आला, खाली ‘आपल्या शिवारात बिबट्या, मुलांना शाळेत पाठवू नका’. आमच्याकडे ऊस आहे, बिबट्या येतो, ही थट्टेची गोष्ट नव्हे. दहा मिनिटांत चाळीस मेसेज. मग आठवीतल्या एका मुलीने आईच्या फोनवरून विचारलं, ‘फोटो कुणी काढला? कधी काढला?’ आधी तिला कुणीतरी गप्प केलं. तिने पुन्हा विचारलं. बऱ्याच वेळाने फोटो टाकणाऱ्याने लिहिलं: ‘मी काढलेला नाही, मलाही आलाय. आमच्या वाडीत एकाने ठसे बघितले म्हणे.’ त्यावर वाडीतला एक जण बॅटरी घेऊन ठसे बघायला गेला, दुसऱ्याने वनखात्याला फोन लावला.

साडेआठला आत्याचा फोन आला. ‘बिबट्या आलाय म्हणे,’ ती म्हणाली. ‘मी काही पाहिला नाही. पण कोंबड्या आत घेतल्यात.’